पाऊल उचलेल तेवढी उंची

डच हार्बर, अलास्का
१४ नोव्हेंबर १९९३

पाद्रिनो तेलेस्फोर,

तुमचा आशीर्वाद मागून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नका. शाळेत तुम्हीच मला ओढत नेऊन बसवायचात आणि मी मागच्या खिडकीतून उडी टाकून तुमच्याआधी घरी पोचायचो. तेव्हा जे राहिलं ते राहिलं.

आमचं जहाज कुठे जात नाही. नांगरलेलंच असतं. दुसऱ्या बोटी खेकडे आणून टाकतात, आम्ही त्यांचे पाय मोडतो, उकडतो, गोठवतो. माझ्या शेजारी दोमिंगो म्हणून एक फिलिपिनो आहे. तो म्हणतो, इथे माणूस आधी नाकाने मरतो, मग बोटांनी, डोकं तर विमानतळावरच ठेवून यायचं असतं.

कामाचं बोलतो. आपांनी मला त्यांची छपन्न सालची ट्रक दिली ती तुमच्याच गॅरेजात पडून आहे. देताना म्हणाले होते, ट्रक तुझी, पण चॅसीला कटर लावायचा नाही. आता सांगा, लग्न लावून दिलं पण बायकोशी बोलायचं नाही, असलं कसलं देणं? मला ती खाली पाहिजे. पोट जमिनीला लागेल इतकी खाली. येत्या गुड फ्रायडेला एस्पान्योलाच्या मोठ्या रस्त्यावर सगळ्या खोऱ्यातल्या अशा बसक्या, नटवलेल्या गाड्या मिरवत निघतील तेव्हा मी चालवणार आणि आपा बाजूला बसणार. आयुष्यभर त्या माणसाने त्या ट्रकमधून लाकडं आणि मेंढ्याच नेल्या. एकदा तरी लोकांनी थांबून बघावं.

दोनदा फोन केला. ते फोनवर आले नाहीत. आमा म्हणाली लाकडं फोडतायत. चॅसीचं ऐकून रागावलेत ना? बाप्तिस्म्याला तुम्ही मला हातात धरलंत, त्यांचे कोंपाद्रे झालात, तुमचं ऐकतील. बोलून बघा.

तुमचा
ओर्लांदो

•

एल रिंकोन, न्यू मेक्सिको
५ डिसेंबर १९९३

चि. ओर्लांदोस आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझंच आहे, कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं.

तुझ्या बापाशी बोललो. तू समजतोस तितकं सोपं नाही ते. गाडी खाली आणायची तर पहिला उपाय स्प्रिंगचे पाटे काढायचा. मागच्या पाट्यांतले तीन काढले, पुढचे दोन, की गाडी चारेक बोटं बसते. मग लाकडं भरता येणार नाहीत, पण मोडलेलं काही नाही, उद्या पाटे परत घातले की ट्रक होती तशी. दुसरा उपाय एक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवायचा. तेव्हा गाडी वीतभर खाली जाते, पण खड्ड्यात एक्सल चॅसीला आपटतो, म्हणून तिथे चॅसी कापून कमान करावी लागते आणि वरून पट्टी वेल्ड करावी लागते. मी चाळीस वर्षं वेल्डिंग करतोय. माझा जोड सुटत नाही. पण कापलेली चॅसी ती कापलेलीच, मागे फिरायचा रस्ता नाही.

तुझा बाप, आबेनिसिओ, पाटे काढायला तयार आहे. चार बोटं. त्याच्यापुढे नाही, म्हणाला. रविवारी देवळातल्या मिसेनंतर येतो, स्टोव्हजवळ बसतो. मी जमिनीवर फळ्या एकावर एक रचतो, तो त्यावर पाय ठेवून बघतो आणि सांगतो, दाराचा उंबरठा एवढ्यावर आला पाहिजे. शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखा गंभीर असतो.

रागावलेला नाही तो. फोनचं त्याला पहिल्यापासून वावडं आहे. अंगावर गरम कपडे घाल.

तेलेस्फोर

•

डच हार्बर
२ जानेवारी १९९४

पाद्रिनो,

चार बोटं! चार बोटं म्हणजे म्हाताऱ्याची पँट ढिली झाली एवढंच. लोकांना वाटेल टायरमधली हवा गेलीय. चिमायोच्या त्या आर्चुलेता भावांची ट्रक बघितलीत ना? उभी केली की खालून सिगारेटचं पाकीट जात नाही. त्यांच्यासमोर मी आपांना चार बोटांवर बसवून नेऊ?

आणि फळ्यांवर पाय ठेवून मापं कसली घेतायत? जन्मभर त्या ट्रकमध्ये एका उडीत चढणारा माणूस. मला कळतंय काय चाललंय. चॅसी कापायची नाही म्हणून ते वेळ काढतायत. दर रविवारी एक फळी इकडे, एक फळी तिकडे, तेवढ्यात ईस्टर येऊन जाईल.

नाताळला बंदरावर जाऊन फोन केला. रांग एवढी होती की पुढच्या माणसाची दाढी वाढली. आमाने उचलला. मागे स्वयंपाकघरात आपा खोकत होते, मला ऐकू आलं. म्हटलं, दे ना त्यांना. ती म्हणाली, बिझकोचितो खातायत, तोंड भरलंय. एक बिस्कीट खायला किती वेळ लागतो? मी धरून राहिलो. शेवटी मागचा माणूस ओरडायला लागला, मग ठेवला.

त्यांना सांगा, रागवायचं तर सरळ रागवा. मी इथे सगळ्यांच्या शिव्या खातोच, घरच्या चार आल्या तर बरंच वाटेल.

ओर्लांदो

•

एल रिंकोन
२३ जानेवारी १९९४

चि. ओर्लांदोस आशीर्वाद.

बसून वाच. तुझा बाप चॅसी कापायला तयार झाला.

मी पाटे काढून ठेवले होते. तो रविवारी आला, दार उघडलं, उंबरठ्याकडे बघत उभा राहिला. मग फळ्या मागितल्या. मी रचल्या, त्याने दोन कमी करायला सांगितल्या. म्हटलं, आबेनिसिओ, इतकं खाली म्हणजे एक्सल वर घ्यावा लागेल, कमान कापावी लागेल. तो म्हणाला, माहीत आहे. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, पोराच्या मनासारखं होऊ दे, आणि खिशातून खडू काढून चॅसीवर स्वतःच्या हाताने रेघ मारली.

मी कापत असताना तो खुर्चीवर बसून होता. कटरची ज्योत चॅसीला लागली तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. तुला माहीत आहे, तुझा बाप देवळाबाहेर टोपी काढत नाही. कापलेला तुकडा गार झाल्यावर उचलून बघितला आणि म्हणाला, चांगलं लोखंड होतं.

पुढचा एक्सल वाकडा मिळाला, मधे खोलगट असतो तसला, तो घातलाय. आता पुढून-मागून सारखीच वीतभर खाली बसलीय. जोड दोन्ही बाजूंनी भरलेत. मालाच्या पेटीचा तळही कापावा लागला, त्यातून एक्सल वर डोकावतो. लाकडं गेली, मेंढ्या गेल्या. तुला पाहिजे होतं ते झालं.

तेलेस्फोर

•

डच हार्बर
१३ फेब्रुवारी १९९४

पाद्रिनो,

पत्र वाचून मी बंकवरून उडी मारली आणि डोकं वरच्या पाइपाला आपटलं. दोमिंगोला वाटलं कोणी मेलं. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या बापाने हार मानली म्हणजे तू जिंकलास असं नाही, म्हातारे हरतात तेव्हा आधी मागे बघून घे. त्याला सवय आहे असलं बोलायची.

शेवटी तेच आतून विरघळले. आता त्या आर्चुलेतांना सांगा, झाडू घेऊन रस्ता झाडून ठेवा, आम्ही येतोय.

एक वाईट बातमी. खेकडे जोरात येतायत म्हणून हंगाम लांबवलाय. एप्रिल संपेपर्यंत सोडणार नाहीत. मध्येच उतरलो तर कंपनी परतीचं विमान देत नाही आणि पुढच्या वर्षी उभं करत नाही. तेव्हा गुड फ्रायडेला तुम्ही चालवा. आपा बाजूला. हळू चालवा, पायी चिमायोच्या यात्रेला निघालेली म्हातारी पुढे निघून जाईल इतकं हळू. मी इथून बघतोय असं समजा.

आपांना चिडवायला सांगा, एवढं खाली आलातच तर आता केबिनही चॅसीवरून उतरवून खाली बसवू. तळ कापून वर घ्यायचा, केबिन चॅसीच्या अंगावर घालायची, सदरा घालतात तशी. मग उंबरठा घोट्याला येईल. ऐकून त्यांचं तोंड कसं होतं ते मला लिहा.

तुमचा
ओर्लांदो

•

एल रिंकोन
२७ फेब्रुवारी १९९४

ओर्लांदो,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. चिडवायला लिहिलेलं तेही वाचलं. त्याचं तोंड कसं झालं ते लिहायला सांगितलंस. त्याने विचारलं, खरंच घोट्याला येईल?

म्हटलं, येईल. तो म्हणाला, मग तसं कर.

आता मी खरं लिहितो. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते मी मोडतोय. तुझ्या बापाची फुप्फुसं संपलीत. ग्रँट्सच्या युरेनियमच्या खाणीत गेलेली सगळी माणसं अशीच चाललीत, तुला माहीत आहे, फक्त आपल्या घरचा माणूस वेगळा असतो असं वाटतं. तू गेलास त्याच्या पुढच्याच महिन्यात ऑक्सिजनचा सिलिंडर आला. नाकात नळी असते, माझ्या गॅरेजात ज्योत असते तेवढा वेळच काढतो. पलंगावर आडवा झोपू शकत नाही, खुर्चीत ताठ बसूनच रात्र काढतो. फोनवर येत नाही कारण तीन शब्दांनंतर त्याला थांबावं लागतं आणि ते तुला ऐकू गेलं असतं. लाकडं मी फोडतो.

तुला वाटलं तो चॅसीवरून अडून बसलाय. तो पायावरून अडला होता. डिसेंबरात त्याचा पाय गुडघ्याएवढ्या फळ्यांवर जात होता. जानेवारीत दोन फळ्या कमी. आता नडगीपर्यंत जातो, आणि जातो तोही दाराला धरून. मी गाडी खाली आणतो आणि त्याचा पाय तिच्या आधी खाली गेलेला असतो.

तू विचारशील, उचलून का बसवत नाही. मी हेच विचारलं. घरापुढेच स्टुलावरून चढून बस, असंही बोललो. तो म्हणाला, सगळं खोरं रस्त्यावर असणार, मध्येच उतरावं लागलं तर तिथे स्टूल कोण आणणार. मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मी बघायला नसेन. स्वतःच्या पायाने चढेन, नाहीतर जाणार नाही. त्याला जायचंय, पोरा. आजवर इतकं कशासाठी मागताना मी त्याला बघितलं नाही.

केबिन उतरवली की ट्रकचं काही राहणार नाही. कागदावर नाव त्याचं, पण आता गाडी तुझी. तू सांग, कुठवर कापू?

तेलेस्फोर

•

डच हार्बर
१० मार्च १९९४

पाद्रिनो,

कापा. सगळं कापा. काही शिल्लक ठेवू नका.

मी बिस्किटावरून काय काय लिहिलं होतं.

फोरमनकडे गेलो. तो म्हणाला, जा, कोण धरतंय. पण माणसांची विमानं दोन आठवडे उतरलेली नाहीत, धुकं आहे, बोट माणसं नेत नाही. किनाऱ्यावर माणसं बॅगांवर झोपलीत. मी बॅग भरून ठेवलीय. रोज वर जाऊन बघतो, समोरचा डोंगर दिसत नाही. टपालाच्या विमानाला तेवढी फट मिळाली आणि तुमचं पत्र आलं. हेही कसं जाईल बघतो.

केबिनचं मला माहीत आहे ते लिहितो, मी आर्चुलेतांच्या गाडीत बसलोय. तळ वर आला की छत डोक्याला येतं. सीट होती तशी ठेवलीत तर टोपी छताला लागेल. आपांना टोपी काढायला लावू नका. त्या रस्त्यावरून टोपीशिवाय जायचं नाही. तेव्हा सीटचे पाय कापून टाका, सीट थेट तळावर ठेवा, पाठ मागे रेलती करा. खाली बसतं माणूस, पाय पुढे पसरून, आरामखुर्चीत बसल्यासारखं. पोरं तसंच बसतात. शान दिसते.

उंबरठा अजून खाली हवा तर टायर लहान घाला. पोट घासलं तर घासू दे. फक्त तो एक दिवस. नंतर भंगारात घातली तरी मी विचारणार नाही.

मला कळलंय हे त्यांना सांगू नका. चिडवलं म्हणून सांगा. म्हणावं, पोरगं विचारतंय, आर्चुलेता जळले का.

ओर्लांदो

•

एल रिंकोन
पाम संडे, २७ मार्च १९९४

ओर्लांदो,

तू लिहिलंस तसं केलं. केबिन उतरवली, टायर लहान घातले, सीट तळावर ठेवली, टोपीला तीन बोटं जागा सोडली. आज तालीम करायची ठरली, कारण शुक्रवारी लोकांसमोर पहिल्यांदा नको.

युफेलियाने, तुझ्या आमाने, त्याला पांढरा शर्ट घातला. गाडी मी तुमच्या अंगणात, त्याच्या दारासमोर लावली होती. तो बाहेर आला, खांबाला धरून थांबला, पुन्हा चालला. मला म्हणाला, तिकडे बघ. मी कुंपणाकडे बघत उभा राहिलो. युफेलियाने सिलिंडर धरला होता, तीसुद्धा तिकडेच बघत होती. आम्ही दोघं त्या कुंपणाकडे किती वेळ बघत होतो देव जाणे. मग दाराचा आवाज आला. तो आत होता. स्वतःच्या पायाने गेला. टोपी डोक्यावर होती. हात डॅशबोर्डवर ठेवला होता आणि चेहरा असा की तुझा जन्म झाला त्या दिवशीही मी तो बघितला नव्हता.

मी फिरून दुसऱ्या बाजूने बसलो, चावी फिरवली. इंजिन लागलं. तो म्हणाला, थांब.

मला वाटलं इंजिन ऐकायचंय. बघितलं तर त्याचे गुडघे छातीशी आलेले. त्या सीटवर दुसरं काही होतच नाही. तो मागे रेलला तर दम लागे, पुढे वाकला तर पोट दाबून वर येई. ताठ बसायला तिथे जागाच नव्हती. ओठ निळे झाले. त्याने दार ढकललं, उठायला गेला, पण इतक्या खालून उठायला रेटा कशाचा लावणार? माझ्याकडे बघितलं. बोलायला श्वास नव्हता.

आम्ही त्याला उचललं. मी काखेतून, युफेलियाने गुडघ्यांखालून. अंगात वजन नव्हतं. टोपी आतच पडली.

पोरा, तो खुर्चीत ताठ बसून रात्र काढतो, हे मीच तुला लिहिलं होतं. तू टोपीचं लिहिलंस आणि मी टोपीच सांभाळत बसलो. ट्रकची जुनी सीट उंच होती, सरळ होती, मेजावर बसल्यासारखी. साऱ्या गावातल्या गाड्यांत तो श्वास घेऊ शकेल अशी ती एकच सीट होती, आणि तिचे पाय मी कापले.

त्याला घरात खुर्चीवर बसवून मी गॅरेजात फळ्या घेऊन बसलो. सीट वर घेतली तर डोकं छताला लागतं. केबिन वर घेतली तर पाय पोचत नाही. खाली ठेवली तर श्वास पोचत नाही. मधली उंची काढायचा प्रयत्न केला. ती नाही. डिसेंबरात असेल, तेव्हा आम्ही चार बोटांवर थांबलो होतो.

संध्याकाळी भेटायला गेलो. खूप वेळाने त्याने एवढंच म्हटलं, उंबरठा बरोबर होता.

तू धावत येऊ नकोस, असं लिहायला त्याने सांगितलंय. मी तुला काय सांगू ते मला कळत नाही.

तेलेस्फोर

•

डच हार्बर
गुड फ्रायडे, १ एप्रिल १९९४

पाद्रिनो आणि आपा, दोघांनाही,

तुमचं पत्र नाही. कोणाचंच नाही, टपालाचं विमान आलेलंच नाही. माझी बॅग तशीच आहे. पण आज काम करता करता मी तिथेच होतो.

तुमच्याकडे आता दुपार झाली असेल. पाद्रिनोंनी गाडी फाट्यावर आणली असेल. चिमायोहून परतणारी माणसं कडेकडेने येत असतील, कोणी क्रूस खांद्यावर घेतलेला, कोणी बूट हातात. आपा, तुमची काच खाली असेल आणि कोपर बाहेर. तुम्ही कोणाकडे बघत नसाल, लोकच बघत असतील. आर्चुलेतांनी हॉर्न दिला असेल. तुम्ही एक बोट वर केलं असेल, तेवढंच. पेट्रोल पंपापासून नदीच्या पुलापर्यंत. घाई कसली. मागचा ओरडला तर ओरडू द्या.

दोमिंगोने विचारलं, हसतोयस का? खेकडे मोडताना कोणी हसत नाही. मी त्याला म्हटलं, माझा बाप आत्ता पुलावर पोचला.

आपा, मला चॅसीचं वाईट वाटतं. तुम्ही सांगितलं होतं. पण आज वाटत नाही.

तुमचा
ओर्लांदो

•

एल रिंकोन
१७ एप्रिल १९९४

ओर्लांदो,

तुझं गुड फ्रायडेचं पत्र काल पोचलं. माझं पाम संडेचं तुला मिळालं की अजून धुक्यात आहे, ठाऊक नाही. मिळालं नसेल तर इथेच थांब, ते आलं की आधी ते वाच.

तुझा बाप आता खोलीबाहेर येत नाही. पाद्रे येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेला. विमान उडालं तर ये, त्याने काही सांगितलेलं असो. ट्रक तुमच्या अंगणातच आहे. तिथून हलवली तर वाटेत खडी लागते, पोट अडकतं, आणि मला अजून कोणाला बोलवावंसं वाटलं नाही. युफेलिया मागच्या दाराने जाते-येते.

पत्र दोघांना लिहिलंस म्हणून मी त्याला वाचून दाखवायला गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो. मग वाचलं, सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, त्याला लिही, असंच झालं.

म्हटलं, आबेनिसिओ, माझं पत्र आधीच गेलंय. खरं काय झालं ते त्यात आहे.

त्याने ते ऐकलं. नळीतून दोन-तीन श्वास घेतले. मग त्याने विचारलं, "कुठपर्यंत गेलो म्हणतो?"

"पुलापर्यंत."

"आणि परत?"

मी पत्र पुन्हा बघितलं. परत आल्याचं तू काही लिहिलेलं नाहीस. तसं त्याला सांगितलं.

तेलेस्फोर